काळे दात : डाग कुठला, उपचार कुठला

दातावर दिसणारा काळेपणा तीन जागी असू शकतो : दाताच्या पृष्ठभागावर चढलेला थर, दाताच्या कठीण भागात कीड लागून पडलेला खड्डा, किंवा दाताच्या आतल्या भागात मुरलेला रंग. आरशात हे तिन्ही बऱ्याचदा सारखेच दिसतात, उपचार मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. वरचा थर दंतवैद्याकडच्या एका भेटीत निघू शकतो. कीड घासून जात नाही, ती बहुधा कोरून काढावी लागते. आतला रंग कितीही घासला तरी हलत नाही. म्हणून काळ्या दातावर काय करायचे, हे ठरवण्याआधी काळेपणा नेमका कुठे आहे हे पाहावे लागते.

दाताला रंग येतो कुठून

दाताचे सर्वांत वरचे आवरण म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. ते काहीसे पारदर्शक असते. त्याच्या खाली डेंटीन नावाचा पिवळसर थर असतो आणि दाताचा नैसर्गिक रंग बराचसा त्याचाच दिसतो. त्यामुळे निरोगी दात दुधासारखे पांढरेशुभ्र क्वचितच असतात. वय वाढते तसे एनॅमल झिजते, डेंटीन जाड होते आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात. हा आजार नव्हे.

घासून स्वच्छ केलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा बसतो. चहा, तंबाखू, कात, सुपारी यांतले रंगद्रव्य या पापुद्र्याला चिकटते. त्यावर जंतूंचा मऊ थर साचतो, लाळेतले कॅल्शियम त्यात उतरते आणि त्याचे कठीण किटण होते. किटण खडबडीत असल्यामुळे त्यावर डाग अधिक लवकर धरतात. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू लाळग्रंथींच्या तोंडाशी असते. म्हणून किटण आणि काळेपणा तिथे सर्वांत आधी दिसतो.

मशेरी

रायगडच्या किनारपट्टीवर, किहीमसारख्या गावांत, दातांच्या काळेपणाचा विचार मशेरीपासून सुरू करावा लागतो. मशेरी किंवा मिश्री म्हणजे तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. ती बोटाने दातांना आणि हिरड्यांना लावतात. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात तिचा वापर मुख्यतः स्त्रियांमध्ये आहे. विडी-सिगारेट ओढणे स्त्रीला शोभत नाही असे मानणाऱ्या घरांतही मशेरी चालते, कारण तिच्याकडे व्यसन म्हणून नव्हे, दात घासण्याची पूड म्हणून पाहिले जाते.

वापर सुरूही तसाच होतो. सकाळी दात घासण्यासाठी, कधी दाढदुखी थांबावी म्हणून, कधी शौचाला साफ व्हावी म्हणून. तंबाखूतले निकोटिन हिरड्यांच्या पातळ त्वचेतून रक्तात जाते. मग सकाळची एक वेळ पुरत नाही. जेवणानंतर, काम आटोपल्यावर, झोपण्याआधी अशा फेऱ्या वाढतात आणि पूड तोंडात बराच वेळ राहते. भाजलेल्या तंबाखूतले काळे कण दातांच्या फटींत, किटणावर आणि हिरड्या सरकून उघड्या पडलेल्या मुळांवर बसतात. मुळांवर एनॅमल नसते, त्यामुळे तिथे रंग अधिक खोल धरतो.

दातांचा रंग ही यातली सर्वांत किरकोळ हानी आहे. मशेरी जिथे रोज लागते तिथली हिरडी खाली सरकते, गालाच्या किंवा ओठाच्या आत पांढरे चट्टे उठू शकतात, आणि अशा काही चट्ट्यांतून पुढे कर्करोग होतो. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कर्करोगाची आणि त्याआधीच्या लक्षणांची तंबाखूच्या सवयींशी सांगड घालणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या मोठ्या पाहण्यांत त्याची गणना होते. गरोदरपणातल्या मशेरीचे आई आणि गर्भावर होणारे दुष्परिणाम कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनीही नोंदवले आहेत.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला भारतात १९९२ मध्ये बंदी आली. घरी तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत असा कायदा पोचत नाही. तिथे घरातल्यांनी आणि आरोग्यसेविकांनी बोलणे एवढाच मार्ग उरतो.

विडा, सुपारी आणि गुटखा

किहीम, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या वाड्यांत नारळाबरोबर पोफळी असतात. दक्षिणेकडे श्रीवर्धनची रोठा सुपारी तर नावाजलेलीच आहे. सुपारी आणि कात या दोन्हींत टॅनिन भरपूर असते. त्यात चुना मिसळला की लाल रंग तयार होतो. हा रंग दातांवर वर्षानुवर्षे बसत गेला की तो तांबडा राहत नाही, गडद तपकिरी आणि शेवटी काळा दिसतो. कडक सुपारी सतत चावल्याने दाढांचे एनॅमल झिजते आणि उघड्या डेंटीनवर डाग पक्के होतात.

सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तर निर्धोक, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात खुद्द सुपारीलाच माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड पूर्ण उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दातांच्या रंगाआधी त्याची तपासणी व्हायला हवी. गुटख्याच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे.

चहा-कॉफीचे डाग यांच्या तुलनेत सौम्य. ते तपकिरी असतात आणि बहुधा सहज निघतात.

औषधांचे डाग आणि मुलांच्या दातांवरची काळी रेघ

लहान मुलांना रक्तवाढीसाठी दिले जाणारे लोहाचे पातळ औषध दातांवर काळे डाग पाडते. गिळलेल्या गोळ्यांनी असे होत नाही. डागांच्या भीतीने औषध थांबवू नये. ते ड्रॉपरने जिभेच्या मागच्या भागावर सोडावे, वर पाणी पाजावे आणि नंतर दात पुसावेत. हिरड्यांच्या दुखण्यावर दिली जाणारी क्लोरहेक्सिडीनची गुळणी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त वापरली तर दात आणि जीभ तपकिरी होतात. म्हणून ती सांगितले तेवढेच दिवस घ्यायची असते.

काही मुलांच्या दातांवर हिरडीला समांतर अशी बारीक काळी रेघ किंवा ठिपक्यांची माळ दिसते. घरचे ती कीड समजून घाबरतात, पण ती कीड नसते. तोंडातले काही जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याचा लाळेतल्या लोहाशी संयोग होऊन काळा क्षार बनतो आणि तो दातावर बसतो. ब्रशने तो जात नाही, दंतवैद्य तो पॉलिश करून काढतात, आणि काही महिन्यांनी तो बऱ्याचदा परत येतो. अशा मुलांत कीड तुलनेने कमी असते, असे बऱ्याच पाहण्यांत आढळले आहे.

कीड

जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि आम्लाने एनॅमलमधले खनिज विरघळते. सुरुवातीला तिथे खडूसारखा पांढरा डाग पडतो, मग तो तपकिरी आणि काळा होतो. काळेपणावरून कीड किती चालू आहे हे सांगता येत नाही. गडद काळा, कठीण आणि चकचकीत डाग बहुतेकदा थांबलेल्या किडीचा असतो. मऊ, फिकट तपकिरी, चिकट खड्डा म्हणजे वेगाने वाढणारी कीड. दोन दातांच्या मधली कीड वरून नुसती काळसर सावली म्हणून दिसते आणि एक्स-रेतच पक्की कळते.

लहान मुलांची कीड थांबवण्यासाठी हल्ली सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषध लावतात. ड्रिल न करता कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. इथे काळा रंग औषध लागू पडल्याची खूण असते. पुढच्या दातांवर ते लावण्याआधी पालकांना ही गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जुन्या चांदीच्या भरणामुळेही आजूबाजूचा दात करडा दिसतो.

आतून काळवंडलेला दात

एकच पुढचा दात करडा-काळा आणि बाकीचे स्वच्छ, असे दिसले की जुना मार आठवून पाहावा. पडण्याने किंवा चेंडू लागल्याने दाताच्या आतली रक्तवाहिनी फुटते, रक्ताचे घटक डेंटीनच्या सूक्ष्म नळ्यांत शिरतात आणि तिथे काळवंडतात. कधी दात आतून मरतो आणि रंग बदललेला महिन्यांनी किंवा वर्षांनी लक्षात येतो. दुखत नाही म्हणून तो तसाच ठेवला तर मुळाशी पू होऊ शकतो. दुधाचा दात मार लागून काळसर झाला तर लगेच काढण्याची गरज नसते. काही दातांचा रंग आपोआप सुधारतो. सूज किंवा पुटकुळी येते का यावर लक्ष ठेवावे लागते.

सगळ्याच दातांवर आडवे करडे-तपकिरी पट्टे असतील तर कारण बहुधा दात तयार होतानाचे असते. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक कॅल्शियमला चिकटते आणि बनत असलेल्या दातात बंदिस्त होते. म्हणून गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल आठ वर्षांचे होईपर्यंत ते टाळतात.

दुसरे कारण पाण्यातले जादा फ्लोराइड. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तपकिरी दात पाहून १९०१ च्या सुमारास फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने शोध सुरू केला आणि १९३१ मध्ये त्यामागे फ्लोराइड असल्याचे सिद्ध झाले. भारतात १९३७ मध्ये नेल्लोर भागातून याची नोंद झाली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. महाराष्ट्रात हा प्रश्न यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात येणारा खारेपणा ही वेगळी गोष्ट आहे. मिठामुळे दात काळे पडत नाहीत.

उपचार

पहिली पायरी तपासणी आणि स्केलिंग. कंप पावणाऱ्या यंत्राच्या टोकाने पाण्याच्या फवाऱ्यात किटण सुटे केले जाते आणि मग पॉलिशने पृष्ठभाग गुळगुळीत करतात. मशेरी, पान, चहा यांचे बहुतेक डाग एवढ्याने निघतात. स्केलिंगने दात हलतात, ही भीती सर्वत्र ऐकू येते. प्रत्यक्षात हाड झिजून आधीच सैल झालेले दात किटणाच्या गठ्ठ्याने जखडलेले असतात. किटण निघाल्यावर सैलपणा आणि फटी जाणवतात एवढेच. किटण तसेच ठेवले तर हाड आणखी झिजते.

राखुंडी, विटेची पूड, कोळसा किंवा मीठ यांनी डाग तात्पुरते फिके होतात, पण सोबत एनॅमलही खरवडले जाते आणि ते पुन्हा तयार होत नाही. लिंबाचे आम्ल एनॅमल मऊ करते. पृष्ठभाग खडबडीत झाला की पुढचे डाग अधिक लवकर बसतात.

स्केलिंगनंतरही दात पिवळट-तपकिरी राहिले तर ब्लीचिंगचा विचार होतो. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात; दंतवैद्याच्या खुर्चीत, किंवा साच्यात जेल भरून घरी रात्री. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या आधी बऱ्या कराव्या लागतात. काही दिवस दात शिवशिवतात. भरण आणि कॅप यांचा रंग बदलत नाही. गरोदर स्त्रियांत ब्लीचिंग टाळतात. टेट्रासायक्लिनच्या पट्ट्यांना कित्येक महिने लागतात आणि करडा रंग पूर्ण जाईलच असे नाही.

मेलेल्या एकट्या दातासाठी आधी रूट कॅनॉल करतात. त्यानंतर सोडियम परबोरेट दाताच्या आत भरून काही दिवसांनी बदलत राहतात. रंग आतून उतरत जातो आणि दात कोरावा लागत नाही. फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे पडलेले, वरवरचे डाग सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी एनॅमलचा अतिशय पातळ थर घासून काढता येतात. खोल डागांवर दाताच्या रंगाचे भरण, पुढे चिकटवलेला पातळ पोर्सेलिनचा थर किंवा कॅप हे उपाय आहेत. कॅपसाठी दात सर्व बाजूंनी कोरावा लागतो, म्हणून तिचा क्रम शेवटचा.

किहीमहून सर्वांत जवळची मोठी सरकारी सोय म्हणजे दहा-बारा किलोमीटरवरचे अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय. अधिक गुंतागुंतीच्या उपचारांसाठी मांडव्याहून लाँचने मुंबई गाठता येते. तिथे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे.

डाग काढल्यावर ते परत येणार की नाही, हे सवयीवर ठरते. मशेरी चालू राहिली तर स्वच्छ केलेले दात काही महिन्यांत पुन्हा काळे होतात. ती सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनीवर सल्ला मिळतो. रोज दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि मऊ ब्रश, पान-चहानंतर चूळ आणि दंतवैद्याने सांगितलेल्या अंतराने तपासणी, एवढे बहुतेकांना पुरते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, किंवा कमी उघडणारे तोंड यांपैकी काही असेल तर मात्र दातांच्या रंगाचा विचार बाजूला ठेवून लगेच तपासणी करून घ्यावी.