मॉर्मन पायनियर पडद्यावर : पक्षपात नेमका कुठे असतो?

युटात येऊन वसलेल्या मॉर्मन पायनियरांवरच्या चित्रपटांबद्दल दोन समज घट्ट रुजले आहेत. श्रद्धावंत म्हणतात, हॉलिवूड आमची बदनामीच करते. बाहेरचे म्हणतात, मॉर्मनांनी काढलेला चित्रपट म्हणजे निव्वळ प्रचार. पहिला समज १९४० सालीच खोटा ठरला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या ‘ब्रिगहॅम यंग’मध्ये पायनियरांना युटात नेणारा यंग हा नायक आहे आणि धर्मसंस्थापक जोसेफ स्मिथच्या बाजूने तो भर कोर्टात बोलतो. प्रत्यक्षात २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला खटल्याआधीच ठार केले. यंग त्या वेळी दूर पूर्वेला, बॉस्टनच्या बाजूला होता.

असा रचलेला प्रसंग निदान पकडता तरी येतो. दोष कुणाच्या माथी मारला हे पकडणे अवघड, आणि माझ्या मते खरा पक्षपात तिथेच असतो. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज येथे मॉर्मन मिलिशियाने, काही पायूट मूळनिवासी लोकांना हाताशी धरून, आर्कान्सॉमधून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसे मारली. वेढ्यात अडकलेल्यांना पांढरे निशाण दाखवून बाहेर काढले होते. वाचली ती फक्त १७ लहान मुले. ‘सप्टेंबर डॉन’ (२००७) या कत्तलीमागे यंगचाच हात दाखवतो. तांड्याला जाऊ द्या, असे सांगणारे यंगचे १० सप्टेंबरचे पत्र मात्र उपलब्ध आहे. ते कत्तलीनंतर दोन दिवसांनी पोचले. या पत्राने यंग निर्दोष ठरत नाही, त्याच्या जबाबदारीवर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण त्याच वेळी अमेरिकी सैन्य युटाकडे निघाले होते आणि १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना संपवण्याचा किंवा हुसकावण्याचा हुकूम काढला होता. त्यातून मॉर्मनांत आलेली भीती गुन्हा माफ करत नाही, पण तो समजून घ्यायला ती लक्षात घ्यावी लागते. केवळ धर्मवेडावर बोट ठेवले की ती दिसेनाशी होते.

चित्रपट म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. दोन तासांत काटछाट होणारच, पण काटछाटीने जबाबदारीच हलली तर ती कलेची सवलत राहत नाही. श्रद्धावंतांच्या चित्रपटांनाही हेच लागू. ‘सेव्हन्टीन मिरॅकल्स’ (२०११) हा १८५६ मध्ये हातगाड्या ओढत युटाकडे निघालेल्या विली तुकडीची कहाणी सांगतो. त्या वर्षी उशिरा निघालेल्या विली आणि मार्टिन या दोन हातगाडी-तुकड्यांतल्या सुमारे हजार माणसांपैकी दोनशेहून अधिक वाटेत दगावली. उशीर झाला आहे, पुढे जाऊ नका, हा विली तुकडीतल्याच लेव्ही सॅव्हेजचा इशारा चित्रपट दाखवतो. तेवढ्याने तो निव्वळ प्रचार ठरत नाही. तरी त्याचा जीव रमतो चमत्कारांत. बैलगाड्या परवडेनात म्हणून हातगाड्या आल्या, त्यातल्या कित्येक ओल्या लाकडाच्या होत्या आणि निघायलाच उशीर झाला, ही कारणे माणसांच्या निर्णयांपाशी नेतात. त्याच वर्षी वेळेत निघालेल्या पहिल्या तीन हातगाडी-तुकड्या २ ऑक्टोबरपर्यंत, बर्फ पडण्याआधीच, सॉल्ट लेकला पोचल्या होत्या.