दहा थेंबांचा ब्रेक

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीला थांबावंच लागतं. त्या दिवशी माझी पाळी होती. पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला, तर तो भिजलेल्या स्पंजासारखा आत आत जात थेट मुठीला टेकला. गाडी थांबली ती मागच्या ब्रेकने आणि रस्त्यावर घासलेल्या चपलांनी. घरी काकांनी लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "एअर घेतलीय हिने. घरीच काढू."

काकांची सगळी नोकरी व्हेईकल फॅक्टरीत गेली. 1969 साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात शक्तिमान ट्रक बनले, लष्कराची जोंगा गाडी बनली. 'जोंगा' या नावातलं पहिलं अक्षरही जबलपूरचंच. तेव्हा आमच्या घरात पाना शोधावा लागत नाही.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते पाहू. आपण बोटांनी लिव्हर दाबतो आणि तिकडे चाकाशी पोलादी चकती पकडली जाते. मधे असते फक्त द्रवाने भरलेली एक नळी. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब कमी न होता सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडलं. गाड्यांमध्ये ते उतरायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1921 च्या ड्यूसनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. सुरुवातीच्या काळातल्या अशा ब्रेकांत बऱ्याचदा काय भरत असत? एरंडेल आणि अल्कोहोल!

आता थोडा हिशोब करू. बोटांनी 10 किलोचा जोर लावला. लिव्हरच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे 50 किलो झाला. हा जोर वरच्या मास्टर सिलिंडरमधल्या 13 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या दट्ट्यावर पडतो, म्हणजे द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 38 किलो दाब तयार होतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये आपण साधारण दोन किलो हवा भरतो, त्याच्या जवळजवळ एकोणीसपट! खाली चकतीला धरणाऱ्या कॅलिपरमध्ये 26 मिलिमीटरचे दोन पिस्टन असतील, तर ते पॅड चकतीवर तब्बल 400 किलोंनी दाबतात. चार बोटांत चार क्विंटल.

फुकट मात्र काही मिळत नाही. जोर चाळीसपट वाढतो, तेवढंच अंतर घटतं. लिव्हरचं टोक 20 मिलिमीटर हललं की वरचा दट्टा हलतो 4 मिलिमीटर आणि खालचे पिस्टन जेमतेम अर्धा मिलिमीटर. या सगळ्या खटाटोपात नळीतून सरकतो तो द्रव अर्धा मिलिलिटर, म्हणजे दहाएक थेंब. आपण आणि आपल्या मागे बसलेलं माणूस, दोघांचाही जीव त्या दहा थेंबांच्या हवाली असतो.

आता त्या नळीत दहा थेंबांएवढा हवेचा बुडबुडा शिरला असं समजा. एवढ्या दाबाखाली पाणी हजारात दोन भागही आकसत नाही. हवा मात्र आकसून चाळिसाव्या हिश्शावर येते. लिव्हरची सगळी धाव त्या बुडबुड्याला चेपण्यातच संपते आणि पॅडपर्यंत काही पोचतच नाही. मुठीला टेकलेल्या लिव्हरचा अर्थ एवढाच.

माझ्या गाडीत हवा शिरली ती माझ्याच हलगर्जीपणामुळे. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे येतात, त्यांच्या मागची जागा ऑइल भरून काढतं आणि वरच्या डबीतली पातळी उतरते. डबीची काच रिकामी दिसत होती आणि मी महिनोन्‌महिने तिकडे पाहिलंच नव्हतं. अशात गाडी कलती झाली की डबीच्या तळाचं भोक उघडं पडतं आणि हवा आत ओढली जाते.

ब्रेकमधल्या या द्रवाला आपण ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नव्हे. चुकून इंजिन ऑइल घातलं तर आतली रबरं फुगून निकामी होतात. हा ग्लायकॉल जातीचा द्रव श्रावणातल्या मिठासारखा हवेतलं पाणी ओढतो, रबरी नळीच्या अंगातूनसुद्धा. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती हमी 155 वर येते. पचमढीहून पिपरियाकडे घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेला असेल, तर तापलेल्या कॅलिपरमध्ये वाफ धरते, आणि वाफही हवेसारखीच चेपली जाते. तरीही पाणी पिण्याचा हा गुण मला मोलाचा वाटतो. पाणी ऑइलमध्ये मिसळलं नसतं, तर खाली कॅलिपरात साचून शंभर अंशांनाच उकळलं असतं आणि धातूला गंज चढवत बसलं असतं.

अंगणात काकांनी टाकीवर ओला पंचा पांघरला, कारण हे ऑइल रंग खातं आणि सांडलंच तर लगेच पाण्याने धुवावं लागतं. डबी काठोकाठ भरली. कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलवर आधी रिंग पाना, मग पारदर्शक नळी चढवली. नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलं. मी लिव्हर हळूहळू चारदा दाबून घट्ट धरायचा, काकांनी निपल पाव फेरा सैल करायचा, लिव्हर मुठीपर्यंत जाऊ द्यायचा, निपल आवळायचा आणि मगच मी बोटं सोडायची. हा क्रम चुकला तर हवा उलटी आत जाते.

पहिल्यांदा काळ्या चहासारखं ऑइल आलं. मग राजगिऱ्याच्या दाण्यांएवढ्या बुडबुड्यांची माळ नळीतून चालत गेली. मी श्वास रोखून बघत होतो. काका पान्याच्या दांड्याने कॅलिपरवर टकटक करत होते, कारण कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे त्याने सुटतात. डबीत तीनदा भर घातली. हळूहळू नळीत मधासारखं स्वच्छ पिवळं ऑइल दिसायला लागलं, आणि एका दाबाला लिव्हर अर्ध्यात थबकला. दगडासारखा.

तुमच्या गाडीच्या डबीची काच आजच बघा. ऑइल काळपट असेल किंवा दोन वर्षं बदललेलं नसेल तर बदला. झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचंच आणि सीलबंद बाटलीतलंच घ्या. एबीएस असलेल्या गाडीचं काम जाणकार मेकॅनिककडे द्या. आणि हवा काढून झाली की लगेच स्वार होऊ नका. आधी गाडी गल्लीत हाताने ढकला, ब्रेक दाबा आणि ती जागच्या जागी थांबते का ते पाहा.