दांडी पूर्ण मागे ओढून धरा

एएन-२ हे दुपंखी विमान जगात कुणी कुणी वापरलं याची यादी संपादकांनी मागितली होती. यादी करता करता मन अडकलं ते वैमानिकाच्या पुस्तिकेतल्या एका सूचनेत. कुठल्या वेगाखाली विमान कोसळेल, हा आकडा इतर विमानांच्या पुस्तिकेत असतोच. इथे तो दिलेलाच नाही. ढगांत इंजिन बंद पडलं तर दांडी पूर्ण मागे ओढून धरा आणि पंख समतल ठेवा, एवढंच सांगितलंय. मग विमान ताशी चाळीसेक किलोमीटर वेगाने पुढे सरकत, पॅराशूटच्या गतीने खाली येतं.

ही किमया वरच्या पंखाच्या पुढच्या कडेवर बसवलेल्या लांबलचक पट्ट्यांची, म्हणजे स्लॅटची. त्यांना बटण नाही, तरफ नाही. विमान वेगात असलं की हवेचा दाब त्यांना पंखाशी चिकटवून ठेवतो. वेग मंदावून नाक वर उचललं गेलं की त्याच कडेवर हवेची ओढ तयार होते आणि पट्ट्या आपोआप पुढे सरकतात. मागे जी फट उघडते तिच्यातून हवा जोरात वाहते आणि पंखाच्या पाठीवरचा सुटू पाहणारा प्रवाह धरून ठेवते. वैमानिक घाबरलेला असो की दमलेला, पट्टी आपलं काम चोख करते. मला यंत्ररचनेतली याहून सुंदर गोष्ट क्वचितच दिसली आहे.

ओलेग आंतोनोव यांच्या कार्यालयाने हे विमान शेती आणि जंगलांसाठी घडवलं. पहिलं उड्डाण ३१ ऑगस्ट १९४७ रोजी झालं. आपल्या हवाई दलाचं एएन-३२ हे पुढे त्यांच्याच नावाच्या संस्थेतून आलं. सोव्हिएत संघ, पोलंड आणि चीन मिळून अठरा हजारांहून अधिक एएन-२ बनली. त्यांतली बहुसंख्य पोलंडमधल्या म्येलेत्सच्या कारखान्यात. पुढे नऊ सिलिंडरचं हजार अश्वशक्तीचं इंजिन, आत बारा माणसं. उडायला दीड-दोनशे मीटरचं माळरान पुरतं. जमिनीवरच्या पिंपातून पेट्रोल ओढून घेणारा पंपही विमानातच असतो. म्हणून आपल्याकडे गावोगाव एसटी जाते तसं ते सैबेरियातल्या वस्त्यांना जात राहिलं. मंगोलियाच्या राष्ट्रीय विमानसेवेची सुरुवात १९५६ साली याच विमानाने झाली.

सैन्यांनाही हा संथपणा हवासा वाटला. रात्री, जमिनीलगत, हळू उडणारं विमान रडारवर टिपणं कठीण; उत्तर कोरियाने छुप्या तुकड्या उतरवण्यासाठी ती राखून ठेवली आहेत. पण दिवसाउजेडी तोच संथपणा जिवावर बेततो. १२ जानेवारी १९६८ रोजी लाओसमधल्या अमेरिकी रडार तळावर हल्ला करायला उत्तर व्हिएतनामची एएन-२ गेली. एका हेलिकॉप्टरने पाठलाग केला आणि आतल्या माणसाने रायफलने गोळ्या झाडल्या. १९९१ मध्ये क्रोएशियात फवारणीच्या विमानांतून वेढलेल्या वुकोवार शहराला रात्री रसद टाकली गेली, घरगुती बनावटीचे बॉम्बही. वुकोवार पडल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांतलं एक क्षेपणास्त्राने पाडलं आणि आतले चौघे गेले. २०२० च्या काराबाख युद्धात अझरबैजानने ती वैमानिकाविना पाठवली, ती पाडली जावीत म्हणूनच: तोफा-क्षेपणास्त्रं बोलू लागली की शत्रूच्या जागा कळतात. माणसाला अलगद खाली आणण्यासाठी रचलेल्या पंखांचा हा वापर मला अस्वस्थ करतो.

आता प्रश्न इंजिनाचा आहे. त्याला विमानी पेट्रोल लागतं आणि भरपूर लागतं. जेट इंधन सगळीकडे मिळतं, हे पेट्रोल मात्र रशियात दुर्मीळ होत गेलं, आयात महाग पडू लागली. अशा इंजिनाची देखभालही हातांची कामगिरी आहे. बराच वेळ उभ्या राहिलेल्या विमानाच्या खालच्या सिलिंडरांत तेल साचतं. सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून ते काढलं नाही तर इंजिन मोडतं. कडाक्याच्या थंडीत आधी गरम हवा सोडून इंजिन तापवावं लागतं. हे अंगवळणी पडलेले मेकॅनिक वयस्क होत चालले आहेत.

पर्याय शोधणंही अवघड गेलं. सैबेरियातल्या संशोधन संस्थेने जुन्या सांगाड्यांवर जेट इंधनावर चालणारी अमेरिकी टर्बोप्रॉप इंजिनं बसवली. नवं, एकेरी पंखांचं ‘बैकाल’ जानेवारी २०२२ मध्ये उडालं, तेही अमेरिकी कंपनीच्या इंजिनावर. महिन्याभरात युक्रेनवर आक्रमण झालं, निर्बंध आले आणि इंजिन रशियातच बनवायची वेळ आली. त्या इंजिनासाठी बैकालच्या तारखा पुढे पुढे ढकलल्या गेल्या.