औषधी अडुळसा

अडुळसा ही एक औषधी वनस्पती आहे. ती सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. आमच्या परसाला अडुळशाचेच कुंपण आहे. शेळी सगळा पाला खाते, पण अडुळशाला तोंड लावत नाही, कारण तो कडू जहर असतो. म्हणून कुंपण टिकते आणि आतली भाजी वाचते.

अडुळशाचे झुडूप माणसाच्या डोक्याइतके उंच होते आणि बारा महिने हिरवे असते. पाने लांब व टोकदार असतात. थंडीत पांढरी फुले येतात. फूल जबडा उघडलेल्या सिंहासारखे दिसते. गुरुजींनी सांगितले की म्हणून संस्कृतमध्ये त्याला सिंहास्य म्हणतात. त्याचे दुसरे नाव वासा. फुलाच्या देठाकडे मध असतो. आम्ही मुले फूल ओढून तो चोखतो. पान कडू आणि मध गोड, ही मोठी गंमत आहे. पावसाळ्यात फांदी खोचली की अडुळसा जगतो.

अडुळसा खोकल्यावर फार चांगला. माझी आज्जी पाने धुते आणि तव्यावर जरा गरम करते. कच्च्या पानाचा रस नीट निघत नाही, म्हणून आधी वाफ लागावी लागते. मग पाने कुटून फडक्यातून रस पिळते आणि त्यात मध घालते. मी तोंड वाकडे केले की आज्जी म्हणते, "गीळ पटकन, जिभंला कळायच्या आत." मोठ्या माणसांना ती पाने, ज्येष्ठमध आणि गूळ घालून काढा करून देते.

अडुळशाने खोकला का कमी होतो? गुरुजी म्हणाले, पानात वॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याने छातीतला कफ पातळ होतो आणि सुटतो. श्वासाची नळीही थोडी मोकळी होते. शास्त्रज्ञांनी त्यावरूनच ब्रोमहेक्झिन नावाचे औषध तयार केले. ते खोकल्याच्या बाटलीत असते. म्हणजे आमच्या कुंपणाचे औषध दुकानातसुद्धा गेले.

पण अडुळसा कुणालाही द्यायचा नसतो. पोटुशी बाईने तो घेऊ नये, पोटातल्या बाळाला धोका होतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. हे आम्हाला नर्सबाईंनी सांगितले.

आता मी खरी घडलेली गोष्ट सांगते. गेल्या वर्षी माझ्या आबांना खोकला झाला. आज्जी रोज काढा करायची आणि पाने मी तोडून आणायची. मी इतकी पाने तोडली की कुंपण एका बाजूने उघडे पडले आणि तिथून शेळी आत आली. तरी खोकला जाईना. आबांना संध्याकाळी ताप यायचा. सदरा ढगळ व्हायला लागला.

एक दिवस आशाताई घरी आल्या. त्यांनी विचारले, "आबा, खोकला किती दिवस आहे?" आबा म्हणाले, "झालं असतील आठ दिस. अडुळसा चालू हाय की." पण पाने मी तोडत होते, मला माहीत होते. मी म्हणाले, "ताई, दिवाळीच्या आधीपासून आहे." आबांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिले. मला रडू आले.

आशाताईंनी आबांचा बेडका तपासायला नेला. आबांना क्षयरोग, म्हणजे टीबी निघाला. आमची सगळ्यांचीही तपासणी झाली. आज्जी अडुळशाजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "माझं औषध खोटं ठरलं." तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "आज्जी, औषध खोटं नाही. सर्दीखोकल्याला ते बरं आहे. पण टीबीचे जंतू अडुळशाने मरत नाहीत."

टीबीचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली शोधून काढले. ते रोग्याच्या खोकल्यातून हवेत येतात. आबांना सहा महिने गोळ्या खाव्या लागल्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. गोळ्यांनी लघवी तांबडी होते, त्याला घाबरायचे नसते. दोन महिन्यांत आबांना बरे वाटले आणि ते म्हणाले, "आता गोळ्या बास." पण मध्येच सोडल्या तर जंतू चिवट होतात आणि साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. म्हणून मी रोज गोळी घेतल्यावर कॅलेंडरवर फुली मारत होते. सहा महिने पुरे झाले. आता आबा रानात जातात. पारावर सगळ्यांना सांगतात, "पोरीनं खरं सांगितलं म्हनून वाचलो."

वाचकहो, अडुळसा अवश्य लावा. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा बेडक्यात रक्त पडत असेल, तर काढा करत बसू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका तपासून घ्या. आणि किती दिवस झाले ते खरे सांगा.

आमच्या कुंपणाला आता नवी पाने फुटली आहेत.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी