मुक्या मूत्रपिंडाची कैफियत

माझ्या थोरल्या बंधूंना मधुमेह जडून पंधरा वर्षे झाली होती. प्रकृती मात्र ठणठणीत. दिवाळीच्या फराळात चकलीला कधी नकार नाही. एके दिवशी चप्पल पायात शिरेना. पाय सुजले होते. तपासणीअंती डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडांची निम्म्याहून अधिक शक्ती गेली आहे." दादा थक्कच झाले. "अहो, पण मला कुठे काही दुखलेच नाही!"

दुखणार कसे? मूत्रपिंडे मोठी सोशीक. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. काही निकामी झाल्या, की उरलेल्या त्यांचा भार मुकाट्याने उचलतात. रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडादेखील बहुधा निम्मी शक्ती गेल्यावरच डोळ्यांत भरतो. मग या मुक्या अवयवाची कैफियत मांडावी कोणी?

शास्त्रज्ञांना त्यासाठी एक वकील सापडला आहे. तो म्हणजे हृदय!

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर विजेची एक बारीक लाट शरीरभर पसरते. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती कागदावर नेमकी उतरवली. त्यांचे यंत्र सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे. चालवायला पाच माणसे लागत. रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे! या कामाबद्दल 1924 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ज्याला 'कार्डिओग्राम' म्हणतो, तो हाच आलेख.

आता मूत्रपिंडाचा यात संबंध काय? हृदयाच्या पेशींतील वीज पुष्कळशी पोटॅशियमच्या तोलावर अवलंबून असते आणि रक्तातले जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकतात ती मूत्रपिंडे. त्यांचे काम फारच बिघडले, की आलेखातील 'टी' नावाची लाट उंच नि टोकदार होते. डॉक्टरांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. शिवाय मूत्रपिंडाच्या विकारात रक्तदाब वाढून हृदयाची भिंत जाड होते. त्याचीही खूण आलेखावर उमटते. परंतु आरंभीचे फरक इतके सूक्ष्म, की कसलेल्या डोळ्यालाही ते दिसत नाहीत.

तेथे संगणक मदतीला आला. लॉस एंजलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील संशोधकांनी दोन लाखांहून अधिक आलेख संगणकाला 'वाचायला' दिले आणि केवळ त्यांवरून मूत्रपिंडाचा जुनाट विकार ओळखायला शिकवले. 2023 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगणकाचा अंदाज पुष्कळदा खरा ठरला; नेहमीच मात्र नव्हे. म्हणजे हा वकील संशय व्यक्त करू शकतो, निकाल देऊ शकत नाही. निकाल रक्त-लघवीच्या तपासणीचाच.

दादांच्या कपाटात जुन्या कार्डिओग्रामचे एक भेंडोळे आहे. प्रत्येकावर 'ठीक' असा शेरा. परवा ते उलगडून मी बराच वेळ पाहत बसलो. जन्मभर काना, मात्रा, वेलांट्या तपासणाऱ्या मला त्या वेलांट्या काही वाचता आल्या नाहीत. त्यांत मूत्रपिंडांची हाक आधीच लिहिलेली असेल का?

ते कळायला आता उशीर झाला आहे. वाचकहो, तुम्हाला मात्र झालेला नाही. घरात कोणाला मधुमेह वा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. दुखण्याची वाट पाहू नका. मूत्रपिंडे बहुधा तक्रार करीतच नाहीत.