रिमार्कच्या रकान्यातलं काम

कारखान्याचं काम नव्या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये बसवताना खरी माहिती मिळते ती स्टोअरच्या खिडकीपाशी. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यातले बोल्ट झिंक प्लेटिंगला बाहेर जातात. जाताना चलनावर नग लिहिलेले असतात. प्लेटिंगवाल्याचा हिशेब मात्र किलोवर, त्यामुळे परतीच्या चलनावर नुसतं वजन येतं. स्टोअरकीपरकाका प्रत्येक लॉटमधले शंभर बोल्ट मोजून काट्यावर ठेवतात आणि त्यावरून एकूण नग काढतात. आलेला आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरतात आणि किलो रिमार्कच्या रकान्यात टाकतात. एका नगाचं वजन कायमचं ठरवून का टाकत नाही, असं विचारलं. "थर कमीजास्त चढतो हो, मागच्या लॉटचं वजन या लॉटला चालत नाही," काका म्हणाले. मीटिंगमध्ये हे कुणीच बोललं नव्हतं.

या सॉफ्टवेअरमध्ये एका नगाचं वजन एकच. क्लाउडमधला मूळ प्रोग्राम सगळ्या ग्राहकांचा सामाईक असतो, तो एकासाठी बदलून मिळत नाही. मग अशी पर्यायी पद्धत लागतेच, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. ती नोंदवून न ठेवणं मात्र महागात पडतं. प्लेटिंगसारख्या जॉबवर्कला पाठवलेला असा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात. कर व्याजासकट भरावा लागतो. आयटीसी-०४ या जीएसटीच्या फॉर्ममध्ये काय परत आलं ते दाखवायचं, तर काकांच्या काट्यावरचा हिशेब कागदावर हवाच.

म्हणून नोंद काट्याशेजारी उभं राहूनच लिहावी: अडचण काय, नमुना किती, आकडा कोण भरतं, कोण तपासतं, काका रजेवर असले तर कोण. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते कारण. कारण लिहिलेलं नसेल तर पुढचा माणूस ही पायरी निरर्थक समजून गाळतो, नाहीतर गरज संपली तरी करत राहतो. क्लाउड सॉफ्टवेअर सतत बदलत असतं: डायनॅमिक्स ३६५ मध्ये वर्षातून दोनदा मोठे बदल येतात, ओरॅकल फ्यूजनमध्ये दर तिमाहीला. प्रत्येक अपडेटनंतर ही नोंद उघडून पाहायला हवी.

तुमच्याकडे गो-लाइव्ह, म्हणजे नवं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू होणं, जवळ आलं असेल, तर त्याआधी स्टोअर आणि डिस्पॅचच्या लोकांशेजारी पूर्ण पाळी उभे राहा, आणि लिहिलेली नोंद त्यांना वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.