आजीची कवळी निसटते का? : हाड, इम्प्लांट आणि टिचबटण

आठवीच्या वर्गात पचनसंस्था शिकवत होते. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा असे प्रकार फळ्यावर लिहून झाले. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आमच्या आजीचे दात रात्री वाटीत असतात. ते तोंडात चिकटतात कसे? आणि जेवतानाच का निसटतात?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. आमचे आप्पा खालची कवळी शर्टाच्या खिशात ठेवून पंगतीला बसतात आणि पोळी आमटीत भिजवून गिळतात. मी त्यांना सहा वर्षं एकच सांगत आले, "सवय होईल." त्या मुलाला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले, दंतवैद्यांशी बोलले, तेव्हा माझंच चुकत होतं हे कळलं.

कवळी टिकते कशाने?

दोन काचपट्ट्या ओल्या करून एकमेकींवर दाबा. सहज सुटत नाहीत. मधला पाण्याचा पातळ थर त्यांना धरून ठेवतो. वरच्या कवळीचं तसंच. ती टाळूवर पसरलेली असते, मध्ये लाळेचा थर असतो आणि कडा हिरडीवर घट्ट बसतात. म्हणून ती बऱ्यापैकी टिकते.

खालच्या कवळीला टाळूच नाही. तिचा आकार घोड्याच्या नालासारखा, बसायला जागा थोडी, मधोमध सतत हलणारी जीभ आणि बाजूला गाल. त्यामुळे ती आधी सैल होते. तक्रार बहुधा खालच्या कवळीचीच असते, ती यामुळे.

खरी अडचण हाडाची

दातांची मुळं जबड्याच्या ज्या भागात रोवलेली असतात, तो भाग दातांसाठीच असतो. आपण चावतो तेव्हा दाब मुळातून हाडात जातो आणि हाड टिकून राहतं. दात काढला की हाडाला ते काम उरत नाही, मग ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात झीज सर्वात जास्त होते, पुढे वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. अनेक वर्षांच्या निरीक्षणांत खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे ४ पट आढळली आहे.

म्हणजे जुनी कवळी सैल झाली तर बहुतेक वेळा तिच्याखालची जमीन खचलेली असते. सवय होऊन ही जमीन भरून येत नाही. कवळीला आतून नवा थर देता येतो, त्याने काही काळ निभावतं.

सशाच्या पायात अडकलेलं टायटॅनियम

स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनमार्क १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. त्यासाठी त्यांनी पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेना! हाड धातूला घट्ट जोडलं गेलं होतं. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, शरीर त्याला सहज स्वीकारतं, आणि नवं हाड थेट त्याला लागून वाढतं.

१९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले. म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ ते त्यावर जेवले.

कवळीला टिचबटण

इम्प्लांट म्हणजे मुळाच्या जागी बसवलेला छोटा स्क्रू. प्रत्येक दाताला एक स्क्रू लागतो, हा गैरसमज आहे. त्याचे मुख्य दोन प्रकार असे:

१. काढता येणारी कवळी : खालच्या जबड्यात पुढच्या भागात, साधारण सुळ्यांच्या जागी २ इम्प्लांट बसवतात. हाड धरायला साधारण ३-४ महिने, वरच्या जबड्यात ६ महिन्यांपर्यंत लागू शकतात. मग इम्प्लांटवर छोटी गुंडी आणि कवळीच्या आत तिची खाच. फ्रॉकच्या टिचबटणासारखी कवळी 'टच्' करून बसते. वरच्या जबड्याचं हाड मऊ, म्हणून तिथे बहुधा ४ किंवा जास्त इम्प्लांट लागतात.

२. पक्की बसवलेली : ४ ते ६ किंवा अधिक इम्प्लांटवर सगळी दंतपंक्ती स्क्रूने बसवतात. ती फक्त दंतवैद्यच काढतात. चावण्याची ताकद जास्त, खर्चही बराच जास्त.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली. खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी २ इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा, असं मत तिथे मांडलं गेलं.

निर्णय घेण्याआधी

केवळ वय जास्त म्हणून नकार मिळतो असं नाही. पण मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू-विडी चालू असेल, जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल किंवा हाडांच्या ठिसूळपणाची काही औषधं चालू असतील, तर धोका वाढतो. हे डॉक्टरांपासून लपवू नये. हाड किती उरलंय हे एक्स-रे किंवा स्कॅनवरून कळतं.

दंतवैद्यांना हे जरूर विचारा: इम्प्लांट किती आणि का? सध्याचीच कवळी वापरता येईल का? मधल्या महिन्यांत काय वापरायचं? पुढची देखभाल किती खर्चाची? सरकारी दंत महाविद्यालयातही चौकशी करावी.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतालची हिरडी सुजते, पू होतो, हाड झिजतं आणि स्क्रू सैल होऊ शकतो. म्हणून गुंड्यांभोवती रोज मऊ ब्रश फिरवायचा, कवळी रात्री काढून धुवून पाण्यात ठेवायची आणि नियमित तपासणी करायची. खाचेतली नायलॉनची चकती झिजते, ती अधूनमधून बदलावी लागते.

शाळेसाठी महत्त्वाचं

मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढत राहतो, स्क्रू जागच्या जागी राहतो आणि तो दात आखूड दिसू लागतो. म्हणून मुलांचा मूळ दात वाचवणं फार मोलाचं. मैदानावर कायमचा दात मुळासकट पडला तर तो मुळाला हात न लावता उचला, थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोचा. तो पुन्हा बसवता येऊ शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

आप्पांना अखेर घेऊन गेले. "मागचं हाड बरंच गेलंय, पण पुढे दोघांपुरतं आहे," असं डॉक्टर म्हणाले. इम्प्लांट बसून दोन महिने झाले. आप्पा रोज विचारतात, "शेंगदाणे कधी खायचे?" चणे आहेत तर दात नाहीत, हे त्यांना आता मान्य नाही.

वर्गाला मी घरचा अभ्यास दिला : घरात कोणाला कवळी असेल तर ती किती वर्षांची आहे आणि ते काय खायचं टाळतात, हे विचारून या. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा तो मुलगा उभा राहिला. "बाई, अकरा वर्षांची. आणि आजी म्हणाली, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं."